भिंतीच्या अलीकडे

गोरी दादी गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात फोनवर एका बोटीच्या टोमॅटोंवरून भांडत होते. फुजैराच्या समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटींना आमची कंपनी भाजी-किराणा पुरवते, आणि टोमॅटो कुणाचे ना कुणाचे सडकेच निघतात. सलीमभाईंनी रत्नागिरीहून लिहिलं होतं, 'अम्मी काल संध्याकाळी गेली. आज सकाळी दफन केलं. दुआ करा वहिनी.' मी ते वाचलं, फोनवरच्या माणसाला 'खलास, नवीन क्रेट पाठवते' म्हणून सांगितलं आणि पँट्रीत जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं, आधी राग आला. बाईने उभ्या जन्मात एक गोष्ट मागितली होती, तीही मिळाली नाही.

तिने मागितलं होतं ते इथलं मरण. तिचा मुलगा सलीमभाई इथे तेलाच्या टर्मिनलवर नोकरीला होते. म्हातारी आई मुलाच्या व्हिसावर राहते. मुलाची नोकरी संपली की त्याचा व्हिसा संपतो, आणि त्याच्याआधी आईचा कॅन्सल करावा लागतो. म्हातारपणी मुलाकडे आलेला दादीचा नवरा इथल्या मातीत होता, फुजैराच्या कबरस्तानात. सलीमभाई रिटायर व्हायच्या आत आपण मेलो तर त्याच मातीत जागा मिळेल, असा तिचा सरळ हिशोब. "सलीमच्या आदी माझी नोकरी संपाया हवी," हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणी तब्येत विचारली की हेच उत्तर. नव्वदी उलटलेल्या बाईने मरणाची घाई करावी आणि त्याने तिला ताटकळत ठेवावं, आता ह्याला काय म्हणायचं?

मी तिला पहिल्यांदा पाहिलं मासळीबाजारात. आम्ही नुकतेच शारजातून फुजैराला आलो होतो. रोज शारजा-दुबई, दुबई-शारजा करून माझा उजवा पाय आणि डोकं दोन्ही कामातून गेली होती, म्हणून माझ्या नवऱ्याने, सुधीरने, इकडची नोकरी धरली आणि मागोमाग मीही. सुधीर मालवणकडचा, त्याला मासा पाहिजेच. मी साताऱ्याची. मला मासा मेलेला आहे एवढंच कळतं. एका गाळ्यापुढे उभी राहून मी सुरमईचा भाव विचारत होते, तर शेजारून आवाज आला, "घेऊ नको गो बाय. डोळा बघ त्येचा. माझ्या डोळ्यापेक्षा गढूळ हाय."

वळून बघते तो एक गोरीपान म्हातारी. सलवार-कमीझ, डोक्यावरून ओढणी, निळे डोळे, आणि बाहेर अंडं तळेल इतकं ऊन असताना पायांत पुरुषी लोकरीचे मोजे. मी बावळटासारखं विचारलं, "तुम्ही मराठी?"

"नाय, मी वेल्सची," म्हणाली, "पण मासे मराठीत घेते."

मग विक्रेत्याकडे वळून तिने त्याला हिंदीत झापलं, "ये मछली परसों भी इधरीच सोया था. हबीबी, इसको जगाव मत, अंदर रख." तो बिचारा हसत हसत आतला मासा काढायला गेला. तिने स्वतः कल्ला उचकटून पाहिला, बोटाने पोट दाबून पाहिलं, आणि माझी पिशवी माझ्या हातातून घेऊन त्यात तो टाकला. त्या दिवसापासून मी तिची घाटीण झाले. नाव तिने मला कधी विचारलंच नाही.

नंतर कळलं की आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. तिचं मूळ नाव ग्वेन. निकाहात मरियम ठेवलं. पण ही दोन्ही नावं कागदावरच राहिली. गावात ती आधी गोरी भाभी होती, मग गोरी चाची, आणि शेवटी दादी. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या अंगाला चिकटलेला डोंगराळ मुलूख, हे मला तिनेच सांगितलं. मी एकदा सहज म्हणून गेले, "दादी, तुम्ही इंग्लिश लोक..." तर विणकामाच्या सुया खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"इंग्लिश नाय गो. कोकणी माणसाला घाटी म्हटलं तर चालंल काय?"

"मी घाटीच आहे दादी."

"म्हणून तर तुला सांगितलं, दुसऱ्या कुणाला मारलंच असतं."

तिचा बाप कोळशाच्या खाणीत कामाला होता. दुसरं महायुद्ध चालू होतं, ही अठरा-एकोणीस वर्षांची, आणि कार्डिफच्या बंदरात एका कँटीनमध्ये चहा देण्याच्या कामावर होती. रिकाम्या वेळात तिथल्या सगळ्या मुली खलाशांसाठी लोकरीचे मोजे-टोप्या विणायच्या. एक दिवस रत्नागिरीकडचा एक काळासावळा खलाशी काउंटरवर आला आणि एक मोजा तिच्यापुढे ठेवून म्हणाला, हा एकच मिळाला, दुसरा कुठे आहे? तिने पाहिलं तर मोजा तिनेच विणलेला. दुसरा अर्धवट विणून कंटाळा आला म्हणून पिशवीत पडला होता. चोर पकडल्यासारखी ती लाल झाली. त्याने बोट सुटायच्या आधी दुसरा मागितला. बोट सुटली, मोजा काही झाला नाही. पुढच्या फेरीला तो परत आला, तोच एक मोजा घेऊन.

"आता असल्या माणसाचं काय करायचं?" दादी म्हणायची. "मोजा विणायचा कंटाळा, म्हणून लगीनच केलं."

तो इस्माईल. लढाई संपल्यावर तो तिला घेऊन रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावी आला. बापाने तिच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. पुढची हकिगत ती फारशी सांगायची नाही. विचारलं तर "काय सांगू? भाकऱ्या केल्या, पोरं केली, वाट बघितली," एवढंच. तीन मुलं झाली. वरची दोन तिच्या डोळ्यांदेखत गेली, त्यांची नावंसुद्धा मला सलीमभाईंकडून कळली. पण सासूबद्दल मात्र ती भरभरून बोलायची. तिच्या तोंडी येणारी प्रत्येक म्हण, प्रत्येक शिवी सासूची.

लोकर काही तिने सोडली नाही. फुजैरात, पंचेचाळीस डिग्रीत, बाल्कनीच्या काचेमागे बसून ती माकडटोप्या विणायची. समोर समुद्रात बोटी उभ्या असायच्या, आठवडेच्या आठवडे. माझी इरा तेव्हा शाळेत होती, ती विचारायची, "दादी, हू विल वेअर धिस? इट्स सो हॉट!" दादी म्हणायची, "ह्या बोटी काय इथेच ऱ्हाणार हाय काय? उद्या रशियाला जातील, तिकडे कान गळून पडतील पोरांचे." सलीमभाई टोप्यांचा गठ्ठा बंदरावर न्यायचे आणि कुठल्यातरी लाँचवर चढवायचे. आमच्या कंपनीच्या भाजीच्या क्रेटमधूनही कितीतरी गेल्या. एकदा एका बोटीवरच्या स्वयंपाक्याने मला फोन करून विचारलं, मॅडम, कोबीबरोबर टोपी आली आहे, ती बिलात धरायची का?

मोजे ती फक्त स्वतःसाठी आणि इस्माईलसाठी विणायची. तो गेल्यावर फक्त स्वतःसाठी, पण मापाने त्याच्या. म्हणून तिचे मोजे नेहमी ढगळ असायचे.

शुक्रवार आम्हा दोघींचा. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. सकाळी सलीमभाई गाडी काढायचे, पुढे दादी, मागे मी. आधी मासळीबाजार, मग डिकीत बर्फातले मासे घेऊन कबरस्तान. सलीमभाईंच्या बायकोला, रुबीनाभाभींना, शुक्रवारी स्वयंपाकाचा घाट असायचा, म्हणून दादीला गाडीत सोबत म्हणून मी. कबरस्तान डोंगराच्या पायथ्याशी, भोवती बुटकी पांढरी भिंत, आत एक काटेरी झाड. भिंतीच्या अलीकडे, झाडासमोर गाडी लावायची. सलीमभाई आत जाऊन फातिहा पढून यायचे. दादी गाडीत बसून राहायची. बायकांनी कबरस्तानात जायचं नाही असं सासूने सांगितलेलं, आणि सासूचा शब्द तिने कधी मोडला नाही. इस्माईलचाचा गेले त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील, तेवढ्या वर्षांत ती फाटकाच्या आत कधी गेली नव्हती. ती एसीत बसायची, सुया चालू, आणि मधूनच मान वर करून भिंतीकडे बघायची.

"त्या झाडाखाली हाय तो," मला म्हणाली होती पहिल्यांदा. "सलीम म्हणतो, सावली असते."

मला त्या शुक्रवारांचा सुरुवातीला कंटाळा यायचा. आठवडाभर ऑफिस, घरी स्वयंपाक, इराचा अभ्यास, आणि एक सुट्टी मिळते तीत माशांच्या वासाच्या गाडीत कबरस्तानासमोर बसायचं! पण का कोण जाणे, तिच्या शेजारी गप्प बसलं की बरं वाटायचं. ती काही समजवायची नाही, उपदेश करायची नाही. कधी म्हणायची, "दमलीस गो?" मी म्हणायचे, "हो." ती म्हणायची, "मी पण." बस, एवढंच. ह्या देशात मला दुसऱ्या कुणी हे विचारलेलं आठवत नाही.

एक गोष्ट मी तिच्यात पहिल्यापासून पाहिली होती. ती कुणालाही निरोप द्यायला थांबायची नाही. माझी इरा शाळेत निघाली, सलीमभाई ड्यूटीला निघाले, की दारात "खुदा हाफिज" म्हणायचं, लगेच पाठ फिरवायची आणि काहीतरी काम हातात घ्यायचं. तिचा 'ख' असा खणखणीत की गावच्या मौलवींनीही वाखाणला होता. तिच्या माहेरच्या भाषेत ते अक्षर आधीपासूनच होतं म्हणे. मला वाटायचं, बाई कोरडी आहे. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीला आम्ही भारतात निघालो तेव्हा मी खालून हात करायला वर पाहिलं, तर बाल्कनीत ही नाही. परत आल्यावर मी चिडून विचारलं, "दादी, जरा हात तरी करायचा!"

तेव्हा तिने ते सांगितलं. ती गावात आली आणि महिन्याभरात इस्माईलला बोटीवरून बोलावणं आलं. खाडीच्या धक्क्यावरून लाँच सुटली. ही वीस-एकवीस वर्षांची, गावात एकाही माणसाला हिची भाषा येत नाही, आणि एकुलता एक ओळखीचा माणूस चालला. ती रडत धक्क्यावर उभी राहून लाँचकडे बघत होती. तेवढ्यात सासूने येऊन तिची हनुवटी धरली आणि मान गरकन फिरवली. "मला वाटलं, मारते आता," दादी म्हणाली. सासूने खुणेने, हातवारे करून सांगितलं: दर्यावर जाणारा माणूस दिसेनासा होईपर्यंत बघायचं नाही. बघितलं तर तो परत येत नाही. पाठ फिरवायची, घरी जायचं, चूल पेटवायची. मग तो येतो.

"आणि मी हसायला लागले गो," ती म्हणाली. "रडता रडता हसायला लागले. सासू घाबरली, म्हणाली पोरीला याड लागलं. कारण माझी आजी हेच सांगायची! बाप खाणीत निघाला की त्येच्या पाठीकडे बघायचं नाय, वळायचं आणि भांडी घासायची. म्हटलं, अरे, इकडे पण हेच हाय. मग मी घरी ग्येले आणि तांदूळ निवडले."

"आणि परत आले चाचा?"

"दर वेळी आला. उशिरा आला, पण आला." सुयांवरचा टाका मोजून म्हणाली, "पण तो कुठे हाय हे मला कदी ठाऊक नसायचं. आज मुंबईत, उद्या सिंगापूर, परवा कुठे कुणास ठाऊक. पत्र यायचं ते सहा महिने शिळं. आयुष्यभर मला नकाशावर नवरा होता."

सलीमभाईंची मुलगी सना इंग्लंडात नर्स होती. पोर गुणाची. सलीमभाईंच्या रिटायरमेंटच्या गोष्टी सुरू झाल्या तशी तिने ठरवलं की दादीला आपल्याकडे न्यायची, तिचं माहेर दाखवायचं. सगळ्यांनाच ती कल्पना आवडली, मलाही. शेवटी माणसाचं मन जन्मगावी ओढ घेतं, असं आपण धरूनच चालतो. सना मुद्दाम सुट्टी काढून वेल्समधल्या त्या खाणीच्या गावी गेली आणि तिथून तिने व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे दादीभोवती जमलो. सना गल्लीतून चालत चालत दाखवत होती, "दादी, लुक, धिस इज युवर स्ट्रीट! नंबर सेव्हन!" आमचे डोळे भरून आलेले. दादी फोन नाकाजवळ धरून बघत होती.

"घरं तीच हायत," म्हणाली. "दारांना रंग बदलले. बरं दिसतंय. सना, तुझ्या डोक्याला टोपी नाय, सर्दी होईल. बंद कर आता."

फोन बंद झाला. सगळे हिरमुसले. रुबीनाभाभी म्हणाल्या, "अम्मी, जाऊन तर या. हवापालट होईल." दादी म्हणाली, "हवापालट कशाला? एकदा एका माणसाच्या मागे निघाले ती निघाले. तो रत्नागिरीला, मी रत्नागिरीला. तो इथे, मी इथे. आता तो इथे ऱ्हाणार आणि मी हवा बदलाया जाणार काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घाटणी, भात शिजला काय बघ."

सलीमभाईंना टर्मिनलने एकदा एक्स्टेन्शन दिलं, मग आणखी एकदा. दर वर्षी दादीचा व्हिसा रिन्यू करायला तिला मेडिकलला न्यावं लागायचं. व्हीलचेअरवर बसून ती रक्त द्यायची, रांगेतल्या तरण्या पोरांकडे बघून म्हणायची, "ह्या सगळ्यांना अजून पुष्कळ नोकरी बाकी हाय." परतताना गाडीत चिडचिड करायची. "तिकडे रक्त बघतात. काय बघतात कुणास ठाऊक! एवढं म्हातारं रक्त, त्यात काय सापडत नाय त्यांना?" आम्ही हसायचो, आणि हसताना वाईट वाटायचं. दुसऱ्या एक्स्टेन्शनच्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला गेले तर ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून मला म्हणाली, "बहुतेक जमलं गो." चेहरा इतका समाधानी की मला हुंदका आवरेना. आठवड्यात ती ठणठणीत बरी होऊन घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तिसऱ्या वेळी टर्मिनलने सांगितलं, आता नाही. सुधीरने ऑफिसात शब्द टाकून पाहिला, सलीमभाईंनी दुसरी नोकरी शोधून पाहिली. साठी ओलांडलेल्या माणसाला कोण घेतो? थोरामोठ्यांसाठी दुसरे व्हिसे असतात, ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यातले नाहीत. इथे आपण सगळेच पाहुणे. पंचवीस वर्षं राहिलं तरी पाहुणेच, आणि पाहुण्याने वेळेवर उठावं हे बरं. रुबीनाभाभी गावचं घर लावायला पुढे गेल्या. सामान गेलं, गाडी विकली. निघायच्या आदल्या शुक्रवारी मीच माझी गाडी काढली आणि आम्ही नेहमीसारखे मासे आणायला गेलो.

दादी गाडीत बसली होती. मासे साफ होईपर्यंत सलीमभाई आणि मी काउंटरपाशी उभे. सलीमभाईंचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "वहिनी, एक मदत कराल? अम्मी म्हणते, जायच्या दिवशी आत जाणार. अब्बांना सलाम करून मगच विमानात बसणार."

"मग जाऊ द्या ना. वॉचमन काही म्हणायचा नाही. आणि इतक्या वर्षांनी सासूबाईही माफ करतील."

"वॉचमनचं नाही हो." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "अब्बा कुठे आहेत, मलाच माहीत नाही."

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. अब्बांना पुरल्यानंतरच्या हिवाळ्यात मोठा पाऊस झाला होता. इकडे पाऊस आला की डोंगरातले कोरडे ओढे फुगतात, तसं पाणी कबरस्तानात घुसलं. इथे कबरींवर नाव नसतं, उशाशी-पायथ्याशी साधे दगड. कितीतरी दगड वाहून गेले, माती सपाट झाली. पुढे लोकांनी अंदाजाने दगड परत लावले. सलीमभाई गेले तर त्यांना ओळखू येईना. झाडाजवळ होती एवढं आठवत होतं, पण झाडाजवळ पुष्कळ होत्या. अम्मीला सांगायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी ते आत जायचे, जिथे मन लागेल तिथे उभे राहून फातिहा पढायचे आणि बाहेर यायचे.

"तिला कुठलीतरी एक दाखवा," मी म्हणाले. दुसरं काय सुचणार?

"कुणा दुसऱ्याच्या बापापुढे उभी करू अम्मीला?" म्हणाले. साठी उलटलेला धिप्पाड माणूस, मासळीबाजारात माझ्यासमोर रडत होता. "तुम्ही तिला समजवा वहिनी. तुमचं ऐकते ती. सांगा की आत नको जाऊ."

मी कुणाला काय समजावणार? मी आठवडाभर शब्द जुळवत राहिले आणि एकही धड जुळला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांना दुबई एअरपोर्टला सोडायला गाडी काढली. सलीमभाई पुढे, दादी मागे, तिच्याभोवती पिशव्या. नवीन ओढणी, पायांत तेच ढगळ मोजे. न सांगताच मी कबरस्तानाकडे वळले आणि भिंतीच्या अलीकडे, झाडासमोर गाडी लावली. दादीने दार उघडलं. आम्ही दोघांनी दोन्हीकडून तिला धरलं आणि ती चालत चालत फाटकापर्यंत आली. वॉचमन बलुची म्हातारा, दर शुक्रवारी तिला गाडीत पाहणारा. त्याने काही न विचारता फाटक पूर्ण उघडलं. "आओ अम्मा," म्हणाला.

दादी फाटकाची सळई धरून उभी राहिली. आत डोंगरापर्यंत दगडच दगड, सगळे सारखे. मी म्हणाले, "दादी, ऊन फार आहे, इथूनच..." सलीमभाई म्हणाले, "अम्मी, ते... त्या बाजूला..." आणि त्यांचा हात हवेत तसाच राहिला.

"खाली कर हात," दादी म्हणाली. "इथे तरी खोटं बोलू नको."

सलीमभाई पांढरे पडले.

"भिंत बुटकी हाय, तू उंच हायस," ती म्हणाली. "तुझं डोकं दिसतं मला गाडीतून. आज झाडाच्या ह्या बाजूला, पुढल्या शुक्रवारी त्या बाजूला. मी काय आंधळी हाय?" ती रागावलेली नव्हती. खूप दमलेली होती. "तेव्हाच समजले. पोराला सापडत नाय बाप."

"अम्मी, तू बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? बोटीवरचा माणूस तो. मला तरी एका जागी कदी सापडला होता?"

मग मला राहवेना. मी विचारलं, "दादी, माहीत होतं तर मग इथेच मरायचा एवढा हट्ट कशाला?"

ती माझ्याकडे वळली. "अगो, जन्मभर तो कुठे हाय ठाऊक नसायचं. दुनियाभर शोधायचं मनातल्या मनात. इथे एवढं तरी नक्की होतं, की ह्या भिंतीच्या आत हाय. कुठे ते नसेल ठाऊक, पण आत हाय. एवढं सुख मला आधी कदी नव्हतं."

वॉचमन अजून फाटक धरून उभा होता. ती त्याला म्हणाली, "बस बाबा, अंदर नहीं जाती. अंदर गयी तो ढूंढती बैठेगी." तिने हात कपाळाशी नेला आणि त्या सगळ्या दगडांना मिळून एकच सलाम केला. मग तिच्या स्वतःच्या भाषेत एक छोटंसं वाक्य म्हणाली. तिच्या तोंडून ती भाषा मी तेवढी एकदाच ऐकली, आणि त्याचा अर्थ मी विचारला नाही.

आम्ही तिला परत गाडीत बसवलं. सलीमभाईंनी ओढणी नीट केली, पट्टा लावला, तिने त्यांच्या गालावर एक हलकी चापट मारली आणि म्हणाली, "चल, विमान काय थांबणार नाय." मी गाडी सुरू केली. मला वाटलं, आता ही विणकाम काढेल. आजवर प्रत्येक निरोपाला तिने तेच केलं होतं.

पुढे थोड्या अंतरावर मी आरशात पाहिलं तर तिचा चेहरा दिसेना. तिने पट्टा सोडला होता. मान वळत नव्हती म्हणून आख्खीच वळून, दोन्ही हातांनी सीटची पाठ धरून, ती मागच्या काचेतून बघत होती. ओढणी डोक्यावरून सरकली होती आणि मला तिचे विरळ पांढरे केस दिसत होते. सलीमभाईंनीही पाहिलं. ते पुढे तोंड करून बसले आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मी गाडी हळू केली. मागच्याने हॉर्न दिला, मग आणखी एकाने दिला. मी म्हटलं, वाजवा लेको. चौक आला, रस्ता डोंगराला वळसा घालून वळला, आणि भिंत पार दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली.